धाकट्याला देऊ नको

अहो, जन्मभर बोलण्यावर तुमचं पोट चाललं. वेरूळ-अजिंठ्याला परदेशी पाहुण्यांना घेऊन जायचात आणि एका भिंतीसमोर उभं राहून फ्रेंचमध्ये असं काही समजावून सांगायचात, की समोरच्याला एकही शंका उरायची नाही. हे तुम्हीच मला कितीदा ऐकवलं आहे. मग शेवटचं वाक्य असं अर्धवट टाकून का गेलात? तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क स्वतःच्या हातानं बाजूला केलात, "धाकट्याला देऊ नको" म्हणालात आणि मास्क परत लावून घेतलात. जसं काही काम उरकलं. त्यानंतर तुम्ही बोललाच नाहीत.

मी उशाशी होते. पायथ्याशी विलास भाऊजी उभे होते, तुमचे सख्खे धाकटे भाऊ, तुमचे तळवे चोळत. त्यांचे हात थांबलेले मी पाहिले. त्यांनी पांघरूण तुमच्या पायांवर नीट ओढलं, कोपऱ्यातली आपली पिशवी उचलली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. काय बिनसलं ते मला तेव्हा कळलंच नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर दुसराच धाकटा आला होता. आपल्या कपाटातला.

आता या दोन धाकट्यांनी माझी झोप उडवली आहे.

लोकांच्या घरात पुढच्या खोलीत टीव्ही असतो. आपल्या मुकुंदवाडीच्या घरात काचेचं कपाट आणि त्यात तुमची पोरं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ओतलेली, ब्राँझची. कमरेवर चंबू घेतलेली थोरली. हातातलं पाखरू कानाशी धरून ऐकणारा मधला. एका पुस्तकावरून ओढाओढी करणारे जुळे. आणि सगळ्यांत लहान, वितीएवढा धाकटा. जमिनीवर फतकल मारून बसलेला, एका पायात लाकडी जोडा, दुसरा जोडा हातात, आणि घालता येत नाही म्हणून जीभ ओठांच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर. निजामाच्या अमदानीत इकडच्या आणि हैदराबादच्या बड्या लोकांनी दिवाणखान्यांसाठी असल्या वस्तू हौसेनं मागवल्या होत्या. पुढं घरं मोडली, वाटण्या झाल्या, आणि ही पोरं छावणीतल्या लिलावात, शहागंजच्या जुन्या बाजारात, कुणाच्या तरी माळ्यावर येऊन पडली. तिथून तुम्ही त्यांना हुडकून आणायचात. आधी नखानं टिचकी मारायची. जस्ताची नक्कल ठक्क वाजून गप्प बसते, खऱ्या ब्राँझचा नाद रेंगाळतो. तुमचा चेहरा खुलला की मी समजायची, घरात आणखी एक आलं.

मी किती भांडले असेन यावरून! आपल्या लेकीच्या, मंजूच्या, लग्नाच्या साड्या घ्यायला म्हणून हैदराबादला गेलो आणि येताना माझ्या मांडीवर ती चंबूवाली. "या काळ्या पोरांत काय बघता हो एवढं?" असं मी त्या गाडीतच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "लेण्यात दिवसभर सगळे देव माझ्याकडं बघतात. ही पोरं बघत नाहीत. आपापल्या कामात आहेत." मी म्हटलं, मग घरी मी पण आपल्या कामातच असते, माझ्याकडं कधी असं बघितलंत का? तुम्ही हसलात आणि खिडकीबाहेर बघायला लागलात. ते उत्तर राहिलंच. पण मी शाळेतून निवृत्त होऊन घरी आले त्या दिवशी तुम्ही कपाट उघडून पोरांना दम दिलात, "आजपासून बाई घरी आहेत. दंगा करायचा नाही." तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते, हे तुम्हाला माहीत नाही.

पोरांच्या अंगावर तो तपकिरी-काळपट थर असतो. ओतल्यावर औषधं लावून, तापवून चढवलेला आणि पुढं वर्षानुवर्षं हवेनं मुरलेला. त्याला फ्रेंचमध्ये शब्द आहे, तो माझ्या जिभेला कधी वळला नाही. मी म्हणायची साय. शेवटी तुम्हीही साय म्हणायला लागलात. "जुन्या ब्राँझची किंमत सायीत असते. साय गेली की नुसता धातू उरतो." हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायचात. एका माणसाला तेवढं सांगायचं राहून गेलं, आणि नेमकं तिथंच सगळं बिघडलं.

धाकटा विलास भाऊजींनीच आणलेला. सिल्लोडला त्यांचा मक्याचा आणि कापसाचा व्यापार. तिथलं सरकी काढायचं एक जुनं जिनिंग बंद पडलं, तेव्हा ऑफिसच्या दाराला अडण म्हणून लावलेलं हे पोर त्यांच्या नजरेस पडलं. बारदानात गुंडाळून मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन आले. दारातच उभे, धुळीनं माखलेले, पोर पोटाशी धरलेलं. "दादा, तुझ्यावाल्यांतलंच हाय ना हे? कुठं ठेवू?" तुम्ही टिचकी मारलीत आणि भावाला मिठीच मारलीत. लग्न होऊन आल्यापासून तुम्हाला कुणाला मिठी मारताना मी तेव्हाच पाहिलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते झालं. मी शाळेत, तुम्ही वेरूळला. भाऊजी आले होते आणि रिकामं बसणं त्यांना कधी जमलं नाही. मागच्या अंगणात बसून त्यांनी समई घासली, देव घासले, तांबे-पितळेचे सगळे डबे घासले, जसं आपल्याकडं दिवाळीला करतात तसं. मग त्यांना वाटलं, दादाचं पोर एवढं काळं पडलंय, त्यानं का काळं राहावं? चिंच, मीठ, विटेची भुकटी आणि काथ्या. सगळी दुपार त्यांनी त्या पोराला न्हाऊ घातलं. तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा ते दोन्ही हातांनी त्याला उन्हात धरून उभे होते. "दादा, बघ! सोन्यावाणी निघालं!"

तुम्ही काय बोललात ते मी इथं पुन्हा लिहीत नाही. "अडाणी" हा त्यातला सगळ्यांत सौम्य शब्द. "कातडी सोललीस तू त्याची" असं म्हणालात आणि शेवटी, शेजारीपाजारी कुंपणाशी उभे असताना, "माझ्या पोरांना पुन्हा हात लावायचा नाही." भाऊजींची बोटं चिंचेनं आंबली होती. ते हात तसेच धोतराला पुसून जेवायला बसले.

त्यानंतर इतकी वर्षं ते येत राहिले. सणाला आले, मंजूच्या लग्नात राब राब राबले, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात बसून राहिले. पण पुढच्या खोलीत आले की दाराजवळची खुर्ची, दोन्ही हात मांडीवर, आणि कपाटाकडं पाठ. अजिंठ्याला जाता-येता तुम्ही सिल्लोडला त्यांच्याकडं चहाला थांबायचात. मी विचारायची, "बोललात का?" तुम्ही म्हणायचात, "बोललो की. पाऊस, मका, सगळं बोललो." मी म्हणायची, "ते नव्हे. ते बोला." तुम्ही पायातले बूट काढायला वाकायचात. हे आपलं भांडण संपलंच नाही, आणि आता मी एकटीच ते भांडत बसले आहे. त्याचा मला राग येतो. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मला येतो.

दवाखान्यात तुम्ही शुद्धीत होता तेव्हा भाऊजी तुमच्या कानाशी वाकून म्हणाले होते, "दादा, बरा होऊन घरी चल. अन् तो धाकटा मला दे. बाकीचे तुझे. तो म्या बिघडवलेला माल हाय, तो माझ्याकडं असू दे." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं झोप लागली. आणि मग दुसऱ्या दिवशी, तेच भाऊजी पायाशी उभे असताना, ते वाक्य.

मी जन्मभर पोरांना मराठी शिकवलं. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. वर्गात एखादं चुणचुणीत पोर हमखास विचारायचं, बाई, दोन्ही सारखेच तर ओळखायचं कसं? मी सांगायची, वाक्याचा अर्थ बघा. आता मी बघतेय, अहो, आणि मला ओळखता येत नाही. द्वितीया असेल तर कपाटातल्या धाकट्याला कुणाला देऊन टाकू नको. चतुर्थी असेल तर माझ्या धाकट्या भावाला देऊ नको. एक 'ला' आणि त्याच्यावर एक माणूस टांगलेला.

अग्नी भाऊजींनीच दिला. दहाव्यापर्यंत आपल्याच घरी राहिले, पण पुढच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मागच्या पडवीत चटई टाकून निजायचे. मी दोनदा विषय काढला, त्यांनी दोनदा पाणी मागितलं. पैठणला घाटावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. झाडावर दोन-तीन बसलेले, खाली कुणी उतरेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, मनातलं बोला. मी म्हटलं, मंजूची काळजी करू नका. मंजू म्हणाली, आईला मी सांभाळते. काही नाही. ऊन चढत चाललं, लोक एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा भाऊजी पुढं झाले, हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, मी धाकटा मागणार नाय. तुझ्या कपाटाकडं बघणार बी नाय."

आणि तो मेला कावळा लगेच उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला त्या कावळ्याचा गळा धरावासा वाटला. त्याला काय विभक्ती कळते? पण भाऊजींच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि समजलं की आता कोर्टाचा निकाल लागला. घाटावरूनच ते सिल्लोडच्या गाडीला लागले. मी मागं धावले तर म्हणाले, "वहिनी, तेराव्याला माझी वाट बघू नका. ज्याच्या घरातलं द्यायचं नाय, त्याच्या घरात मी कशाला येऊ?"

अग्नी देणाराच तेराव्याला नाही. लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण तुमच्या फोटोला हार कोण घालणार होतं? मंजूला मी सगळं सांगितलं, कपाटातला धाकटा आणि माणसातला धाकटा. पोरगी तुमचीच. म्हणाली, "आई, तुला काकाला परत आणायचंय म्हणून तू बाबांचं वाक्य फिरवतेयस. बाबा रागीट होते. कदाचित त्यांना काकालाच द्यायचं नसेल." मी तिच्यावर ओरडले. ओरडले, कारण तीच भीती मलाही होती. तुमचा राग मी ओळखते. तुम्ही इतकी वर्षं एक शब्द गिळून बसू शकता, तर जाताना एक शब्द थुंकूनही जाऊ शकता.

काल सकाळी मी कपाट उघडलं, धाकट्याला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मंजूला म्हटलं, गाडी काढ. सिल्लोडचा रस्ता धरला. धाकटा मांडीवर जड होता आणि माझे गुडघे दुखत होते.

भाऊजी अंगणात खाटेवर बसले होते. मला पाहून उठले आणि माझ्या हातातलं गाठोडं दिसताच परत बसले. "वहिनी, ते घेऊन जा."

"आधी ऐकून तर घ्या."

"काय ऐकू? तुम्ही शाळेत शिकवलं, मी सातवी पास. पर एवढं मला बी कळतंय. वस्तू असती तर दादा 'धाकटा देऊ नको' म्हणला असता. 'खुर्ची देऊ नको' म्हणतो आपण. 'खुर्चीला देऊ नको' म्हणतो का? 'धाकट्याला' म्हणला. म्हंजी माणूस. म्हंजी मी."

अहो, बरोबर होतं ते. निर्जीवाला असा 'ला' लागत नाही, हे मी स्वतः फळ्यावर लिहून दिलेलं आहे. मंजू माझ्याकडं बघत होती. मी खाटेच्या कडेवर टेकले.

मग मला तुमचा आवाज आठवला. "भाऊजी," मी म्हटलं, "'थोरलीला उन्हात ठेवू नको' कोण म्हणायचं? 'जुळ्यांना हलवू नको, मी आल्यावर बघतो' कोण म्हणायचं? तुम्ही मंजूला ते जालन्याचं स्थळ आणलं होतं, तेव्हा तुमचे दादा काय म्हणाले?"

ते म्हणाले, "मंजूला तिथं देऊ नको, म्हणला."

"तोच 'ला' आहे की नाही? पोटच्या पोरीला लावला तोच त्यांनी कपाटातल्या पोरांना लावला. त्यांना ते कधी वस्तू म्हणालेच नाहीत."

"म्हंजी दोन्ही व्हतंय."

"व्हय. दोन्ही होतंय. मला खात्री नाही, भाऊजी. असती तर मी फोनवरच सांगितलं असतं."

खोटं बोलले असते तर सोपं झालं असतं. पण ते माझ्याच्यानं झालं नाही. मी गाठोडं सोडलं आणि धाकट्याला खाटेवर बसवलं, दोघांच्या मध्ये. भाऊजींनी हात मागं घेतले. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला जवळून पाहिलंच नव्हतं. ते वाकले.

"वहिनी, हे कानामागं काळं काय हाय? अन् हे बोटांच्या बेचक्यात?"

"साय धरतेय."

"दादानं लावून घेतली?"

"नाही. मुंबईला एक माणूस परत रंगवून देतो म्हणाला होता. तुमच्या दादांनी खोक्यात भरला, दारापर्यंत नेला आणि परत आणून ठेवला. 'राहू दे' म्हणाले. बाकीच्यांना दर वर्षी मेण लावायचे, याला कधी लावलं नाही. हवेनं धरेल तशी धरू दे, वेळ लागला तरी चालेल, म्हणायचे."

"मला का नाय सांगितलं?"

याचं उत्तर मी काय देणार? ते तुमच्याकडं होतं. अजिंठ्याच्या रस्त्यावर एवढ्या चहाच्या कपांत ते कुठल्याही एका कपाबरोबर देता आलं असतं. भाऊजींनी डोळे पुसले आणि साठीतला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, "हात लावू का?"

"लावा."

त्यांनी एका बोटानं कानामागचा तो काळा डाग चाचपला. घासला नाही, नुसता चाचपला. मग हात मांडीवर परत ठेवले. "पर मी घेणार नाय, वहिनी. दादानं काय म्हणलं ते त्यालाच ठाऊक. मी त्याचा शब्द मोडणार नाय."

तेव्हा मला सुचलं, आणि ते तुम्हीच सुचवलं असं मी धरून चालते. मी उठले आणि पदर खोचला. "कोण देतंय तुम्हाला? मी द्यायला आणलाच नाही. गुडघे गेलेत माझे, परत उचलून न्यायची ताकद नाही. ठेवून चाललेय. तुम्ही आणून सोडा घरी." आणि त्यांनी काही म्हणायच्या आत मी गाडीत जाऊन बसले. मंजू म्हणाली, "आई, काका नाही आले तर?" मी तिला गाडी चालव म्हटलं. भाऊही गेला आणि पोरही गेलं, असं झालं असतं तर मी तुम्हाला काय तोंड दाखवणार होते?

आज तेरावा. सकाळपासून माझं लक्ष फाटकाकडं. गुरुजी आले, आचारी आला, पाहुणे आले. गुरुजींनी दोनदा विचारलं, कोण बसणार? मी दोनदा म्हटलं, येताहेत. मुकुंदवाडी स्टेशनात एक रेल्वेगाडी थांबून सुटली, कपाटात चंबूवाली काचेशी किणकिणली, आणि धाकट्याची जागा रिकामी. मंजूनं हळूच विचारलं, मी बसू का? मी तिला हो म्हणणार तेवढ्यात फाटक वाजलं.

भाऊजी दारात उभे होते, घामानं निथळलेले, बारदानातलं गाठोडं पोटाशी धरलेलं. तसंच, अगदी तसंच, फक्त केस पांढरे. आतल्या माणसांकडं पाहिलं नाही, तुमच्या फोटोकडं पाहिलं आणि मला विचारलं, "वहिनी, कुठं ठेवू?"

"कपाट उघडं आहे," मी म्हटलं. "तुमच्या हातानंच ठेवा."

त्यांनी चपला काढल्या, पुढच्या खोलीतून चालत गेले आणि दोन्ही हातांनी त्याला त्याच्या जागी बसवलं. जोडा हातात धरलेला, जीभ जराशी बाहेर. मग येऊन पाटावर बसले.

आता पंगती उठल्या आहेत. भाऊजी कपाटासमोरची खुर्ची ओढून बसले आहेत आणि मंजूला जिनिंगच्या दाराची गोष्ट सांगताहेत. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कधी कळणार नाही, आणि त्याबद्दल मी तुम्हाला सहजी माफ करणार नाही. पण तुमचा शब्द मोडलेला नाही. धाकट्याला मी कुणाला दिलं नाही. धाकट्यालाही काही दिलं नाही. द्वितीया धरा, चतुर्थी धरा, आता तुम्ही निवांत जा.

धाकटा घरी आलाय.